किल्ल्या कोणी दिल्या? स्वयंसेवी सॉफ्टवेअर प्रकल्पातील तापदायक सहकारी आणि प्रमुखाचे उत्तरदायित्व

आमचा प्रकल्प लहान आहे. हन्स्पेल या मुक्त शुद्धलेखन-तपासनिसासाठी मराठी शब्दयादी आणि प्रत्ययांचे नियम तयार करणे, आणि त्यात गोव्यातील मराठी लेखनात नेहमी येणारे, पण पुण्या-मुंबईकडच्या कोशांत सहसा न सापडणारे शब्द घालणे, एवढेच आमचे काम. फोंडा, डिचोली, म्हापसा, मडगाव अशा ठिकाणची आठ-दहा माणसे आपापली नोकरी सांभाळून ते करतात आणि कोणालाही त्याचा एक रुपया मिळत नाही. काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आधी एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने ‘माटोळी’ (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट), ‘खाजन’ (खाऱ्या पाण्यालगतची बांध घातलेली शेतजमीन), ‘मानस’ (त्या बांधातील पाण्याचे दार), ‘खाजे’ (जत्रेत मिळणारी गोड मिठाई) असे चाळीसेक शब्द पाठवले. आमच्यातील सर्वांत जाणकार सदस्याने ते दहा मिनिटांत परत केले. त्यांच्या दोन हरकती रास्त होत्या: ‘मानस’ हा शब्द ‘मन’ या अर्थाने यादीत आधीपासूनच होता, आणि ‘माटोळी’ चुकीच्या प्रत्ययगटात (शब्दाला कोणते प्रत्यय लागतात ते ठरवणाऱ्या गटात) टाकला गेला होता. पण त्याखाली त्यांनी लिहिले होते, ‘आधी मराठी शिका, मग शब्द पाठवा.’ प्रकल्पाचा प्रमुख मी. मी त्या मुलीला खासगीत कळवले की त्यांचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नका. ती पुन्हा आली नाही. तिच्याआधी असेच आणखी दोघे निघून गेले होते, हे मला नंतर जुने संदेश चाळताना उमगले.

‘स्वभावच तसा आहे’ हे वाक्य आपल्याकडच्या भजनी मंडळांत आणि नाट्यमंडळांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. पेटी वाजवणारा एकच असतो, जत्रा तोंडावर आलेली असते, मग तालमीत तो कोणाला काहीही बोलला तरी चालवून घेतले जाते. सॉफ्टवेअर प्रकल्पातही नेमके हेच घडते. फरक इतकाच की तालमीतला अपमान त्या खोलीत विरतो, आणि इथला वर्षानुवर्षे शोधयंत्रात सापडत राहतो. पुढचे विवेचन पाच ते तीस माणसांच्या, पगार नसलेल्या प्रकल्पांच्या प्रमुखांसाठी आहे. त्यातले बरेचसे मी उशिरा शिकलो.

प्रमुख कशाला जबाबदार असतो आणि कशाला नसतो

स्वयंसेवकाला हुकूम सोडता येत नाही. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्सवर आधारित मुक्त प्रणालीच्या प्रकल्पाच्या घटनेतच अशी तरतूद आहे की घटनेमुळे कोणावरही काम करण्याचे बंधन येत नाही, आणि सोपवलेले काम नको असेल तर ते न करण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे. मात्र नियमांच्या आणि रीतसर झालेल्या निर्णयांच्या विरोधात कोणी सक्रियपणे काम करू नये. या तरतुदीचे दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. पहिल्या भागामुळे प्रमुखाचा हात आखडतो आणि दुसऱ्यामुळे त्याला उभे राहायला जागा मिळते.

एखाद्याचा स्वभाव, त्याचे घरचे ताण, त्याची मराठीविषयीची मते यांना प्रमुख जबाबदार नसतो. पण कोणाचे काम स्वीकारायचे आणि कोणाचे परत पाठवायचे हे ठरवण्याचा अधिकार, गटातून माणूस काढण्याचा अधिकार, प्रकल्पाच्या नावाने उत्तर देण्याची मुभा या सगळ्या किल्ल्या कोणीतरी दिलेल्या असतात, आणि लहान प्रकल्पात तो ‘कोणीतरी’ बहुधा प्रमुखच असतो. आमच्या सदस्याने त्या मुलीला जे लिहिले ते त्यांचे शब्द होते, परंतु ते ‘रिव्ह्यू’ (आलेल्या कामाची तपासणी) या पाटीखाली लिहिले गेले आणि ती पाटी मी लावली होती. माणूस आपल्या ताब्यात नसला तरी त्याच्या हातातली किल्ली आपण दिलेली आहे, एवढे लक्षात ठेवले की पुढची बहुतेक उत्तरे सापडतात.

अनेक मुक्त प्रकल्पांनी जशीच्या तशी उचललेली ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट’ ही आचारसंहिता २०१४ साली तयार झाली. तिच्या १.४ या आवृत्तीत असे एक कलम आहे की जे मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) ही संहिता प्रामाणिकपणे पाळत नाहीत किंवा तिची अंमलबजावणी करत नाहीत, त्यांच्यावरही नेतृत्वातील इतर सदस्य तात्पुरती वा कायमची कारवाई करू शकतात. संहिता उचलणाऱ्यांपैकी फार थोडे हे कलम वाचतात. मीही ते वाचले नव्हते.

पहिले काम: किल्ल्यांची यादी

भांडण पेटल्यावर ही यादी करायला बसू नये, कारण तेव्हा ती करणे हीच एक धमकी वाटते. कोणाशीही काही बिनसलेले नसताना एका संध्याकाळी बसावे आणि पुढील प्रत्येक गोष्टीसमोर नावे लिहावीत: मुख्य रेपोत (प्रकल्पाच्या कोडच्या कोठारात) थेट कमिट कोण करू शकतो, म्हणजे बदल कोण नोंदवू शकतो, रिलीज (नवी आवृत्ती) कोण काढतो, डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) कोणाच्या नावावर आहे आणि त्याच्या नूतनीकरणाचे पत्र कोणाच्या ईमेलवर येते, सर्व्हरचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे, टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपच्या गटांचे ॲडमिन कोण, देणगी आली तर ती कोणाच्या खात्यात जाते. आमच्या यादीत दोन धक्के निघाले. डोमेन अशा एका मित्राच्या नावावर होते ज्याने चार वर्षांत प्रकल्पाकडे पाहिलेही नव्हते, आणि गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील आमचा रेपो माझ्या वैयक्तिक खात्यात होता. वैयक्तिक खात्यातल्या रेपोचा मालक एकच असू शकतो, आणि ज्याला सहकारी म्हणून जोडू त्याला सरसकट लिहिण्याचा अधिकार मिळतो. ‘हा फक्त इश्यूंची (नोंदवलेल्या तक्रारी-सूचनांची) वर्गवारी करील, तो फक्त भाषांतर पाहील’ अशी वाटणी तिथे करता येत नाही. म्हणून रेपो संस्थेच्या खात्यात हलवावा, तिथे किमान दोन मालक ठेवावेत आणि मुख्य शाखेवर (कोडच्या अधिकृत प्रतीवर) असे बंधन घालावे की दुसऱ्याने तपासल्याशिवाय तिच्यात काहीही मिसळता येणार नाही. हे बंधन प्रमुखालाही लागू असावे, नाहीतर ते बंधन नव्हे.

दुसरे काम: तक्रार कोणाकडे, आणि प्रमुखाची तक्रार कोणाकडे

आचारसंहिता चार ओळींची असली तरी चालते, पण तिच्यात तक्रार स्वीकारणाऱ्या दोन व्यक्तींची नावे आणि संपर्क हवाच. दोन यासाठी की त्यांतील एकाविषयीच तक्रार असू शकते. आम्ही दुसरी व्यक्ती प्रकल्पाबाहेरची घेतली: निवृत्त मराठी शिक्षिका आहेत, कोड त्यांना कळत नाही आणि आमच्या वादांत त्यांचा काडीचाही स्वार्थ नाही. तक्रार आल्यावर ‘मिळाली’ एवढे तरी ४८ तासांत कळवायचे, असा नियम आम्ही केला आहे. निकालाला वेळ लागला तर माणसे समजून घेतात; शांततेचा अर्थ मात्र ती स्वतःच लावतात.

प्रमुख कोणाला उत्तर देतो, हा प्रश्न मोठ्या प्रकल्पांनाही सुटलेला नव्हता. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात आचारसंहिता राबवणाऱ्या नियमन-गटाने २२ नोव्हेंबर २०२१ रोजी एकत्रित राजीनामा दिला. मध्यवर्ती गट स्वतःखेरीज कोणालाच उत्तरदायी राहिलेला नाही आणि त्यामुळे संहितेची अंमलबजावणी अपेक्षित दर्जाने करणे शक्य होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २०२३ मध्ये त्या प्रकल्पात मध्यवर्ती गटाच्या जागी नेतृत्व परिषद आली. डेबियनमध्ये प्रमुखाची निवडणूक दरवर्षी होते, आणि विकासकाला काढून टाकण्याचा अधिकार प्रमुखाकडे नसून खाते-व्यवस्थापकांकडे असतो. आठ माणसांच्या प्रकल्पाला परिषदा परवडत नाहीत हे खरे. पण वर्षातून एकदा ‘मी प्रमुख राहावे का’ असा प्रश्न सर्वांना लेखी विचारणे आणि उत्तरे तटस्थ व्यक्तीकडे पाठवायला सांगणे, इतके कोणालाही जमते.

तिसरे काम: त्रास नेमका कोणता ते ओळखणे

‘तापदायक’ हा शब्द सोयीचा आहे आणि म्हणूनच धोक्याचा. जो सदस्य दर वेळी ‘चाचण्या लिहिल्याशिवाय हे घेऊ नका’ म्हणून अडून बसतो तो त्रास देतो, पण तो बरोबरही असू शकतो. अनेक मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प चालवणाऱ्या अपाची फाउंडेशनच्या प्रकल्पांत कोडमधील बदलावर नकाराधिकार वापरता येतो, मात्र त्याला तांत्रिक कारण द्यावे लागते. कारण नसलेला नकार ग्राह्य धरला जात नाही. ही कसोटी मी सरसकट वापरतो. हरकत कामावर आहे आणि कारणासह आहे, तर ती कितीही कंटाळवाणी असली तरी तिचे उत्तर द्यायचे. हरकत माणसावर आहे, तर तिच्यातील तांत्रिक भाग वेगळा काढायचा आणि उरलेल्या भागाविषयी बोलायचे.

भाषेच्या प्रकल्पात या दोहोंची सरमिसळ फार लवकर होते. र्‍हस्व-दीर्घावरून सुरू झालेली चर्चा ‘तुम्हा गोवेकरांना मराठी येते कुठे’ इथवर जाते, किंवा उलट दिशेने कोकणी-मराठीच्या जुन्या वादात शिरते. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा ठरवले आणि मराठीच्या वापराचीही तरतूद केली. त्यापुढचा वाद शब्दयादीच्या इश्यूमध्ये मिटणार नाही, आणि तिथे तो लढू देणे ही माझ्या मते प्रमुखाचीच चूक आहे. आम्ही लेखी ठरवले आहे की एखादा शब्द मराठीतील दोन स्वतंत्र छापील मजकुरांत आढळला तर तो घ्यायचा. तो मूळचा कोणाचा, यावर चर्चा नाही. असा एक नियम झाला की निम्मे तापदायक लोक आपोआप निवळतात, कारण भांडायला विषयच उरत नाही.

काम अंगावर घेऊन न करणारा आणि सोडायलाही तयार नसणारा सदस्य उद्धट नसतो, म्हणून त्याच्याविषयी कोणी तक्रार करत नाही. नुकसान मात्र तो सर्वांत शांतपणे करतो. त्याच्यासाठी मुदत हाच उपाय आहे. सहा आठवडे हालचाल नसेल तर काम आपोआप मोकळे होते, असे सर्वांसाठी जाहीर करावे, म्हणजे ते एकट्यावर रोखलेले वाटत नाही.

आणखी एक प्रकार २०२४ च्या मार्चमध्ये जगासमोर आला. एक्सझेड युटिल्स या जवळपास प्रत्येक लिनक्स प्रणालीत असणाऱ्या साधनाच्या एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर अनोळखी खात्यांनी ‘काम फार हळू चालले आहे, दुसऱ्या कोणाकडे द्या’ असा दबाव आणला होता. ज्या मदतनीस खात्याच्या हाती पुढे अधिकार गेले, त्यानेच त्यात मागचे दार (गुपचूप आत शिरण्याची वाट) बसवले. घाई लावणारा, अपराधी वाटायला लावणारा माणूस केवळ असभ्य असतो असे नाही. त्याला किल्ली हवी असू शकते. दबावाखाली अधिकार देऊ नयेत, हा नियम मी त्या प्रकरणानंतर आमच्या यादीत वरच्या ओळीत लिहिला.

चौथे काम: नोंद

नोंद म्हणजे फिर्याद नव्हे. तारीख, कुठे घडले, नेमके शब्द, त्यानंतर काय झाले आणि प्रमुखाने काय केले, एवढेच लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. माझ्या पहिल्या नोंदवहीत त्या रकान्यात सहा वेळा ‘काही नाही’ असे लिहिलेले निघाले, आणि ती वही त्या सदस्यापेक्षा माझ्याविषयीच अधिक सांगत होती. नोंद दोघांना दिसेल अशा ठिकाणी ठेवावी, पण सर्वांना नाही. ‘तो नेहमी असेच करतो’ सारखी वाक्ये लिहू नयेत, कारण समोरासमोर बसल्यावर ‘नेहमी’ हा शब्द पहिल्या मिनिटात गळून पडतो.

पाचवे काम: बोलणे

इथे घाई करू नये आणि चालढकलही करू नये. घटनेनंतर तीन-चार दिवसांत बोललेले चांगले. गटात बोलू नये. शक्य असेल तर प्रत्यक्ष भेटावे. गोव्यात हे फार सोपे आहे, कारण कोणीही दीड-दोन तासांपेक्षा दूर नसतो. मी त्या सदस्यांना फोंड्याच्या बसस्थानकाजवळच्या एका हॉटेलात चहाला बोलावले. जाण्यापूर्वी आधीच्या संध्याकाळी पाठवलेला संदेश असा होता:

‘नमस्कार. गेल्या आठवड्यात शब्दयादीच्या रिव्ह्यूमध्ये तुम्ही लिहिलेल्या एका वाक्याविषयी बोलायचे आहे. तुमच्या दोन्ही तांत्रिक हरकती मला मान्य आहेत. वाक्य मान्य नाही. हे मी आधीच बोलायला हवे होते, ती चूक माझी. उद्या पाच वाजता जमेल का?’

विषय आधी सांगितल्यामुळे माणूस सापळ्यात आल्यासारखा बिथरत नाही. आपली चूक आधी कबूल करण्यात डावपेच नसावा. ती खरी असेल तरच लिहावी. भेटीत त्यांचे पहिले वाक्य अपेक्षित होते: ‘मी फुकट राबतो, वर बोलणीही खाऊ?’ या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते शांतपणे द्यावे लागते. त्यांचे राबणे फुकट आहे तसे त्या मुलीचेही फुकट होते. त्यांच्या कामाबद्दल प्रकल्प ऋणी आहे, पण ते ऋण तिसऱ्याच्या अपमानाने फेडता येत नाही.

मग ऐकावे. आमच्या सदस्यांचे म्हणणे असे निघाले की दोन वर्षे सगळे रिव्ह्यू तेच करत होते, एकच चूक वीस जणांकडून आली होती आणि मार्गदर्शनाचे पान लिहून द्या अशी त्यांची मागणी मी तीनदा टाळली होती. ते खरे होते. त्याने त्यांचे वाक्य क्षम्य ठरत नाही, पण माझ्या खात्यावर आणखी एक बाब जमा झाली. भेट संपण्यापूर्वी काय बदलायचे ते एका वाक्यात ठरवावे आणि त्याच रात्री लिहून पाठवावे. ‘जरा जपून बोला’ हे ठरवणे नव्हे. ‘पहिल्यांदाच काम पाठवणाऱ्याचा रिव्ह्यू पुढील तीन महिने तुम्ही करणार नाही, प्रत्यय-नियमांच्या फाइलवरचा तुमचा अधिकार तसाच राहील, मार्गदर्शनाचे पान मी महिनाअखेरपर्यंत लिहीन’, हे ठरवणे आहे.

सहावे काम: पायऱ्या, आणि शेवटची पायरी

कॉन्ट्रिब्युटर कव्हनंटच्या २.० आवृत्तीत चार पायऱ्या दिल्या आहेत: दुरुस्ती सुचवणे, ताकीद, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. त्या क्रमानेच चढाव्यात असे नाही. धमकी, लैंगिक स्वरूपाचे संदेश, कोणाचा पत्ता वा फोन क्रमांक उघड करणे अशा गोष्टींत पहिल्या तीन पायऱ्यांना अर्थ नसतो. अशा वेळी संदेश पुसू नयेत, त्यांची छायाचित्रे ठेवावीत, आणि पीडित व्यक्तीची इच्छा असेल तर सायबर गुन्हे पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायला सोबत करावी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या व्याख्येत स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही येते. प्रकल्प एखाद्या नोंदणीकृत संस्थेखाली चालत असेल तर वकिलाचा सल्ला आधीच घेऊन ठेवावा.

काढायची वेळ आलीच तर क्रम चुकवू नये. निर्णय किमान दोघांनी लेखी घ्यावा. त्यानंतर आधी किल्ल्या बदलाव्यात, मग त्या व्यक्तीला कळवावे, आणि या दोहोंत काही मिनिटांपेक्षा अधिक अंतर ठेवू नये. संतापाच्या भरात पुसलेली शाखा परत आणता येते, पण बळकावलेले डोमेन परत मिळवायला महिने जातात. संस्थेच्या खात्यातून नाव काढले म्हणजे सगळे झाले असे नसते. डिप्लॉय-की, स्वयंचलित रिलीजसाठी ठेवलेली टोकन, सर्व्हरवरील एसएसएच-की अशा पासवर्डसारख्या डिजिटल किल्ल्या आणि गटांचे ॲडमिनपद हे सर्व पहिल्या यादीवरून एकेक तपासावे. कळवताना कारण, मुदत आणि फेरविचार कोणाकडे मागायचा, हे तिन्ही लिहावे. गटाला दोन वाक्यांत सांगावे: अमुक व्यक्ती आता प्रकल्पात नाही, निर्णय अमुक दोघांनी संहितेनुसार घेतला. आरोपांचा पाढा वाचू नये, पण गप्पही बसू नये. गप्प बसलात तर उरलेली कथा टपरीवर तयार होते. त्या व्यक्तीचे श्रेय योगदानकर्त्यांच्या यादीतून काढू नये. तिने लिहिलेला कोड मुक्त परवान्याखाली आहे आणि तोच परवाना तिलाही फोर्क करून (कोडची प्रत घेऊन) वेगळी चूल मांडण्याचा हक्क देतो. तो हक्क तिने वापरला तर त्याला गद्दारी म्हणू नये.

गोव्यातली अडचण, आणि प्रमुखच तापदायक असेल तर

इथे सगळे एकमेकांचे कोणीतरी असतात. आमच्या प्रकल्पातील दोघे एकाच देवस्थानचे महाजन आहेत, एक माझ्या मावसभावाचा शेजारी आहे. ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा त्याच्या घरी आपण चतुर्थीला जाणार असू, तर निर्णयातून बाजूला व्हावे आणि तसे लिहून द्यावे. बाजूला होणे म्हणजे जबाबदारी झटकणे नव्हे. निर्णय कोण घेणार आणि कधीपर्यंत, हे बघणे तरीही प्रमुखाचेच काम राहते.

राहिला सर्वांत अवघड भाग. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या उद्धट पत्रांबद्दल जाहीर माफी मागितली, लिनक्स कर्नलच्या (त्या प्रणालीच्या गाभ्याच्या) कामातून काही आठवडे बाजूला झाले आणि त्याच सुमारास कर्नलने जुनी संहिता टाकून नवी स्वीकारली. त्याच वर्षी जुलैत, एका वादग्रस्त प्रस्तावावरील मनस्तापानंतर, ग्विडो व्हॅन रॉसम यांनी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे सर्वाधिकारी पद सोडले आणि पुढे तो कारभार पाच जणांच्या निवडून आलेल्या परिषदेकडे गेला. दोन्ही प्रकल्प चालूच राहिले. आपल्यावाचून प्रकल्प बुडेल असे ज्याला वाटते त्याने ही दोन उदाहरणे आठवावीत, आणि आपल्या नोंदवहीत एक पान स्वतःच्या नावाने उघडावे.

सातवे काम: गेलेल्यांना लिहिणे

हे काम संहितांत सहसा दिलेले नसते आणि ते टाळण्याकडेच आपला कल असतो. आमच्या सदस्यांचे तीन महिने संपल्यावर मी त्या तिघांनाही पत्रे लिहिली. परत या असे म्हटले नाही. काय घडले होते, ते मी कसे चालू दिले आणि आता काय बदलले आहे, एवढेच लिहिले. दोघांनी उत्तर दिले नाही. त्या मुलीने दिले: ती आता बंगळुरूला नोकरी करते, वेळ नाही, पण शब्द वापरायला तिची हरकत नाही. ‘माटोळी’ योग्य प्रत्ययगटात घालण्याचे काम आमच्या त्याच जाणकार सदस्यांनी केले आणि कमिटमध्ये लेखिका म्हणून तिचे नाव ठेवले. ‘मानस’ यादीत होताच.